मस्टँगला इलेक्ट्रिक रिट्रॅक्ट बसवले, सेट कसा आहे ते सविस्तर

माझ्या रेडिओवर उडणाऱ्या मॉडेल मस्टँगला (दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानाची छोटी प्रतिकृती) मी रिट्रॅक्ट, म्हणजे उडताना चाकं आत घेणारं लँडिंग गिअर, बसवलं. ते घ्यावं की नको असं गोव्यात मॉडेलं उडवणाऱ्या आमच्यातल्या तिघाचौघांनी विचारलं, प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहितो. सेट म्हणजे सर्वोलेस (वेगळा सर्वो, म्हणजे रेडिओच्या हुकमाने दांडी फिरवणारी छोटी मोटर, न लागणाऱ्या) इलेक्ट्रिक रिट्रॅक्टची जोडी, अडीच ते चार किलोच्या विमानासाठी म्हणून विकतात, पिन ५ एमएमची, सोबत स्प्रिंगवाले अॅल्युमिनियमचे पाय, चाकं वेगळी घ्यावी लागतात. कुरिअर धरून मला ४,३०० रुपये पडले. नोव्हेंबरात सरद शेती (पावसाळी भात) कापून झाल्यावर बसवायला घेतला आणि शिगम्यापर्यंत त्याच्यावर ३८ लँडिंग झाली, त्यामुळे जे लिहितोय ते वापरून लिहितोय.

आधी निकाल सांगतो. मोटर आणि आतला स्क्रू एकदम चांगला, तिथे पैसे वसूल. पाय आणि पिन जिथे जोडले जातात ती जागा कच्ची, ती जशी आली तशी वापरू नका. आणि जिथून घेतला त्या दुकानाने मला चुकीच्या कोनाचं युनिट पाठवलं आणि नंतर फोन उचलला नाही, ते खाली येईलच.

विमान माझं बाल्सा (अगदी हलकं लाकूड) आणि प्लायचं मस्टँग आहे, पंख १.६ मीटर. खऱ्या मस्टँगचा, म्हणजे पी-५१डीचा, पंख ११.२८ मीटर, म्हणजे साधारण एकास सात. दोन वर्षं मी ते वाकवलेल्या पियानो वायरच्या पायांवर उडवलं आणि उडायचंही छान, पण डोक्यावरून गेलं की खाली लोंबणारी ती दोन चाकं बघून जीव तुटायचा. मस्टँगचं पोट आणि पंख किती स्वच्छ आहे हे माहीत असलेल्या माणसाला ते बघवत नाही. भाचा तर म्हणायचा, मामा हे पाय खाली सोडून उडणाऱ्या बगळ्यासारखं दिसतंय.

ब्रिटिश लढाऊ विमान स्पिटफायरचं मॉडेल न घेता मस्टँग घेतलं होतं ते पण पायांमुळेच. स्पिटफायरचे पाय मुळाजवळ जोडलेले आणि बाहेरच्या बाजूला मिटतात, त्यामुळे उघडल्यावर दोन चाकांत अंतर कमी राहतं, आडवा वारा आला की पंखाचं टोक जमिनीला लागतं. मस्टँगचे पाय बाहेर जोडलेले आणि आत मिटतात, चाकांत अंतर भरपूर. आमच्याकडे सड्यावर (जांभ्याच्या उघड्या पठारावर) दुपारनंतर समुद्राकडचा वारा जो सुटतो त्यात हा फरक खूप जाणवतो.

आता इलेक्ट्रिकच का. आधीच्या पिढीतले लोक मेकॅनिकल वापरायचे, त्यात एक खास १८० अंश फिरणारा सर्वो आणि दोन्हीकडे लोखंडी सळ्या, सळीची लांबी अर्धा मिलिमीटर चुकली की एक पाय लॉक होतो आणि दुसरा होत नाही. मग हवेवर चालणारे आले, विमानात छोटी टाकी, व्हॉल्व्ह, नळ्या, उडवायच्या आधी पंपाने हवा भरायची आणि कुठे तरी बारीक गळती असली की चौथ्या फेरीला पाय अर्धेच येतात. वास्कोचे एक काका आहेत, गोदीत मशिनिस्ट होते, त्यांनी ते सगळं केलेलं आहे आणि ते मला स्पष्ट म्हणाले की अरे बाबा तू आता त्या नळ्यांच्या नादाला लागू नकोस, इलेक्ट्रिक घे.

सर्वोलेसमध्ये आत एक छोटी डीसी मोटर, तिला गिअरबॉक्स, आणि पुढे आट्याचा लांब स्क्रू. स्क्रू फिरला की त्यावरचा नट सरकतो आणि पायाचा सांधा फिरवतो. पाय पूर्ण खाली आला की सांध्याची आतली पिन (५ एमएमची ती वेगळी) खाचेत जाऊन बसते, म्हणजे लँडिंगचा दणका स्क्रूच्या आट्यांवर न येता बॉडीवर जातो. थांबायचं कधी हे बारीक सर्किट ठरवतं, नट शेवटाला टेकला की मोटरला जोर पडतो, करंट चढतो आणि सर्किट सप्लाय तोडतं. हे समजून घेणं महत्त्वाचं आहे कारण चाक मध्येच कुठे घासलं तरी सर्किटला वाटतं शेवट आला, आणि ते तिथेच थांबतं. बरेच जण म्हणतात युनिट खराब निघालं, प्रत्यक्षात चाक पंखातल्या त्याच्या खोबणीच्या कडेला लागत असतं. टेबलावर विमान उलटं ठेवून वीस पंचवीस वेळा पाय आत-बाहेर करून बघा, चाकाच्या रबरावर घासल्याची पांढरी रेघ दिसली की कडेचं लाकूड अजून खरवडा. खोबणी चाकापेक्षा सगळीकडून किमान ३ एमएम मोठी ठेवा.

आता दुकानाची गोष्ट. मी ८५ अंशांचा सेट मागवला होता, खोक्यावर स्टिकर पण ८५ चाच, आत निघाले ९० चे. तुम्ही म्हणाल पाच अंशांनी काय होतं. सांगतो, कारण नवीन माणूस हमखास इथेच अडकतो.

माझ्या मस्टँगचे पंख मधून टोकाकडे ५ अंश वर चढतात, त्यालाच डायहेड्रल म्हणतात. युनिट पंखाच्या खालच्या पृष्ठभागाला समांतर बसवलं आणि ते पूर्ण ९० अंश उघडलं, तर पाय पंखाला काटकोनात येतो, पण जमिनीला नाही. दोन्ही पाय खालून ५-५ अंश बाहेर फाकतात. लांबून बघितलं की विमान पाय फाकवून उभं असल्यासारखं दिसतं आणि लँडिंगला पिनवर आडवा ताण येतो. ८५ अंशांचं युनिट असतं तर पाय सरळ खाली आला असता आणि मिटल्यावर पंखात सपाट बसला असता.

मग वाटेल की युनिटखाली पाचर घालून ५ अंश तिरकं करू, झालं काम. मी पण कागदावर तेच काढलं. युनिटची रुंदी ४५ एमएम, म्हणजे पंखाच्या टोकाकडच्या बाजूला जवळपास ४ एमएमची पाचर. पण मग मिटलेला पाय पण तेवढाच फिरतो. पाय १२० एमएम लांब, त्यावर ५ अंश म्हणजे चाकाच्या ठिकाणी साधारण १० एमएम. तेवढं चाक पंखात जास्त वर घुसतं आणि माझ्या पंखाचं वरचं शीट (वरून लावलेला पातळ लाकडी पत्रा) तिथे चाकाच्या वर जेमतेम ७ एमएम होतं. म्हणजे चाकाने वरचं शीट फोडलंच असतं.

दुकानाला फोटो पाठवले, कोनमापक लावून पाठवले, दोन दिवसांनी उत्तर आलं की चेक करतो, मग काहीच नाही. फोन केला तर वाजून बंद. तेरा दिवस थांबलो, सुका सीझन आपल्याकडे मोजकाच, मग शेवटी अर्ध्यावर तडजोड केली. २ एमएमची पाचर घातली, पाय अडीच अंश बाहेर राहिले, चाक ५ एमएम वर गेलं, शीटला २ एमएम जागा उरली. चालतंय. पण बॉक्स उघडल्या उघडल्या आधी कोन मोजा, सुटे असताना बॅटरी लावून उघडा आणि मोजा, एकदा स्क्रू मारले की दुकानवाला परत घेत नाही.

आता लाकडाचा भाग, आणि इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, तुम्हीही घालवा. वायरचे पाय होते तेव्हा वायर स्वतः वाकून दणका खायची. रिट्रॅक्टमध्ये पाय कडक, स्प्रिंगला सहा-सात एमएमचा प्रवास, बाकी सगळा दणका चार स्क्रूंतून पंखाच्या लाकडात. युनिट कितीही भारी घ्या, ते ज्या लाकडी पट्टीवर बसतं ती उखडली की युनिट पंखाला भोक पाडून हातात येतं.

पुस्तकी पद्धत म्हणजे बीच नावाच्या झाडाच्या टणक लाकडाच्या पट्ट्या. बीच मला डिचोलीत मिळालं नाही, फोंड्यात पण नाही. आमच्या जुन्या घराच्या दाराच्या चौकटीचा एक सागवानी तुकडा पडवीत होता, शंभर वर्षांचा असेल, तो मेस्ताकडे (सुताराकडे) नेऊन १० बाय १२ एमएमच्या चार पट्ट्या काढून घेतल्या. सागवानाला अंगचं तेल असतं, त्यावर इपॉक्सी नुसतं लावलं तर वरवर धरतं आणि महिन्याने सुटतं. म्हणून पट्टी आधी ऐंशी नंबरच्या पॉलिशपेपरने घासली, मग अॅसिटोनने पुसली, फडकं पिवळं व्हायचं थांबेपर्यंत पुसत राहिलो, आणि पुसल्यावर लगेच चिकटवली, दुसऱ्या दिवसावर ठेवली नाही. इपॉक्सी सावकाश सुकणारं घेतलं, पाच मिनिटांवाल्याची पकड तितकी पक्की नसते. दोन्ही बाजूच्या रिब्सना (पंखाच्या आडव्या फासळ्यांना) आतून ३ एमएम प्लायचे जोड दिले, पट्टीची टोकं त्या प्लायमध्ये खाच पाडून अडकवली, म्हणजे नुसत्या गोंदावर भिस्त नाही. मुख्य स्पारला (पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या कण्याला) हात लावायचा नाही, कितीही मोह झाला तरी, खोबणी स्पारच्या मागे किंवा पुढे सरकवा पण स्पार कापू नका.

स्क्रूसाठी आधी बारीक भोक, मग स्क्रू एकदा घालून काढला, भोकात फेविक्विकचा एक थेंब सोडला, वाळू दिला आणि मग परत स्क्रू. आटे पक्के होतात, दहा वेळा काढघाल केली तरी स्क्रू ढिला होत नाही.

वजन विचाराल तर आधी वायर आणि चाकं मिळून १४५ ग्रॅम होतं, आता सगळं मिळून ३१० च्या आसपास. विमान ३.१ किलोवरून जवळपास ३.३ वर गेलं. लँडिंगचा वेग थोडा वाढला, सवय व्हायला चार-पाच उड्डाणं लागली. पाय आडवे मिटतात म्हणून सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी आत-बाहेर करताना फार हलत नाही, मागे मिटणाऱ्या पायांच्या विमानात हा विचार आधी करावा लागतो.

करंटचं पण सांगून ठेवतो. मी मीटर लावून मोजलं, फिरताना एक युनिट पाव अॅम्पिअरच्या आसपास खातं पण शेवटाला टेकताना क्षणभर पाऊण अॅम्पिअरच्या पुढे जातं. ईएससीच्या (मुख्य मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटच्या) आतल्या ३ अॅम्पिअरच्या बीईसीवर, म्हणजे बाकी सगळ्याला कमी व्होल्टेजचा सप्लाय देणाऱ्या भागावर, पाच सर्वो आणि वर हे दोन, म्हणजे एखादं युनिट अडकलं की विमानातल्या रेडिओ रिसिव्हरचा व्होल्टेज पडायची भीती. ५ अॅम्पिअरचा यूबीईसी, म्हणजे वेगळा सुटा बीईसी, टाका, चारशे-पाचशे रुपयांत येतो, अख्खं विमान त्यावर अवलंबून आहे. दोन्ही युनिट वाय-केबलने गिअर चॅनलला जोडली. ट्रान्समीटरमध्ये स्विच वॉर्निंग लावून ठेवा, म्हणजे स्विच वर राहिला असेल तर रेडिओ सुरू होतानाच ओरडतो, नाहीतर बॅटरी जोडल्या जोडल्या जमिनीवर उभं विमान पाय मिटून पोटावर बसतं आणि प्रोपेलर जातो.

५ व्होल्टवर पाय मिटायला चार सेकंद लागतात. ते मला फार आवडलं, खऱ्यासारखं शांतपणे मिटतात, जुन्या मेकॅनिकलसारखे फटकन नाही. एक पाय दुसऱ्यापेक्षा अर्धा सेकंद मागे राहतो, आणि खऱ्या विमानांत पण असं दिसतं त्यामुळे मला ते उलट छानच वाटतं.

पहिली सहा लँडिंग व्यवस्थित झाली. सातव्याला विमान छान टेकलं, दहा फूट सरळ धावलं आणि एकाएकी डावीकडे गर्रकन वळून करवंदीच्या जाळीत. उचलून बघतो तर डावं चाक वीस अंश बाहेर तोंड करून उभं. पाय वाकलेला नाही, पट्टी हललेली नाही, युनिट शाबूत. नुसता पाय पिनभोवती फिरला होता.

जोड असा आहे की युनिटमधून ५ एमएमची गोल पिन खाली येते, पायाच्या वरच्या टोकाला भोक, त्यात पिन शिरते आणि बाजूने दोन ३ एमएमचे ग्रब स्क्रू (डोकं नसलेले स्क्रू) तिला दाबून धरतात. गोल पिन आणि त्यावर टोकाने टेकलेला स्क्रू. चाक खड्याला लागलं की सगळा पीळ त्या दोन टोकांवर. स्क्रू काढून बघितले तर पिनवर बारीक चमकदार ओरखडा पडला होता, अर्ध्या वर्तुळाचा, स्क्रूचं टोक घसरत गेल्याची खूण. हे कंपनीने पिनवर सपाट जागा करून द्यायला हवी होती, दोन रुपयांचं काम आहे.

त्याच आठवड्यात भाच्याला घेऊन बोगमाळोच्या नेव्हल एव्हिएशन म्युझियममध्ये गेलो. १९९८ पासूनचं आहे, मी शाळेच्या पोरांना घेऊन कितीदा तरी गेलोय पण या वेळी विमानांच्या फक्त पायांकडे बघत फिरलो. नौदलाच्या सी हॅरिअर जेटचे मुख्य पाय पोटाखाली एकामागे एक आणि पंखांच्या टोकांना दोन बारके आधाराचे पाय. नौदलाच्या जुन्या अलिझे विमानाचे पाय पंखाच्या फुगीर डब्यात मिटतात. आणि पायांवर एक गोष्ट दिसते ती म्हणजे कात्री, वरची नळी आणि खालची नळी यांना जोडणारी दोन पात्यांची बिजागरी. पाय दबला तर ती मिटते-उघडते, पण खालच्या नळीला वरच्या नळीभोवती फिरू देत नाही. आमच्या सेटच्या पायांना पण तशी छोटी कात्री आहे, दिसायला झकास, आणि ती आपलं काम करते. पण ती खालचा भाग वरच्याला बांधते, वरचा भाग पिनला बांधायला तिथे काहीच नाही, नुसते ते दोन ग्रब स्क्रू. भाचाच म्हणाला, मामा कात्री बरोबर आहे, तिच्या वरचंच सुटतंय. नववीत आहे, बरोबर बघितलं त्याने.

घरी येऊन पिन काढून वाइसमध्ये धरली आणि चपट्या कानसाने जिथे स्क्रू टेकतात तिथे सपाट जागा केली, साधारण ४ एमएम लांब, अर्धा एमएम खोल. यात एक गोष्ट जपा. सपाट जागा कुठल्या दिशेला येणार हे पाय बसवून, चाक सरळ करून, मार्करने खूण करून मगच कानस लावा. मी एका बाजूला अंदाजाने केली आणि चाक दोन अंश बाहेर आलं, मग पिन उलटून दुसऱ्या टोकाला परत केली. चाकं सरळ किंवा किंचित आत ठेवा, माझी किंचित आत आहेत, बाहेर तोंड केलेलं चाक टेलड्रॅगरला (तिसरं चाक शेपटाखाली असलेल्या विमानाला) कधीच चालत नाही.

सोबत आलेले ग्रब स्क्रू पण बदला. अॅलन की दोनदा फिरवली की त्यांचं भोक गोल होतं, इतके मऊ आहेत. चांगले १२.९ ग्रेडचे फोंड्याला बोल्टच्या दुकानात मिळाले, सगळे मिळून चाळीस रुपये. आटे थिनरने धुवून निळं थ्रेडलॉक (स्क्रू ढिला होऊ न देणारा गोंद) लावलं, दीड एमएमची अॅलन की हाताने घट्ट, आणि एक रात्र तसंच ठेवलं. लाल थ्रेडलॉक लावू नका, पुढे पिन बदलायची वेळ आली की गरम केल्याशिवाय सुटत नाही आणि शेजारीच मोटर आहे.

त्यानंतर ३१ लँडिंग झाली, एकदाही पाय फिरला नाही. एकदा मी उंचावरून धपकन टाकलं तेव्हा उजवी पिन थोडी वाकली, चाक आत मिटताना कडेला लागायला लागलं, वाइसमध्ये धरून सरळ केली. पिन वाकली आणि पट्ट्या जागच्या जागी राहिल्या, हे मला पाहिजे होतं तसंच झालं.

आपल्या हवेबद्दल. सड्यावरची लाल धूळ पिठासारखी बारीक, ती सगळीकडे शिरते. स्क्रूला ग्रीस लावलं की धूळ चिकटून खरकागद तयार होतो, आट्यांवर तोच फिरतो. शिवणमशीनचं पातळ तेल एक थेंब, जास्तीचं पुसून टाका, आणि प्रत्येक दिवसानंतर रंगाच्या मऊ ब्रशने युनिट झाडा. पिना आणि स्प्रिंग लोखंडी आहेत, कोटिंग पातळ, खाऱ्या हवेत तीन आठवड्यांत गंजाचे ठिपके दिसले. पावसाळ्यात विमान खोक्यात जाईल तेव्हा पाय काढून तेलाच्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवणार आहे.

फुटबॉलच्या मैदानावर उडवत असाल तर गवत बारीक कापलेलं पाहिजे. माझी चाकं ८० एमएमची आहेत. खऱ्या मस्टँगचा टायर २७ इंची, त्या हिशोबाने एकास सात म्हणजे ९८ एमएम हवं, पण तेवढी खोबणी पंखात होत नाही. ८० वर लांब गवतात विमान नाकावर जातं, कडक जमिनीवर काही त्रास नाही. विमान समतल धरल्यावर चाकाचा आस पंखाच्या पुढच्या कडेच्या सरळ खाली यायला हवा, मागे गेला की गवत नसलं तरी नाकावर जाणार.

पेडण्याच्या बाजूच्यांनी जागा निवडताना डिजिटल स्कायचा (ड्रोन कुठे उडवता येतात ते दाखवणाऱ्या सरकारी साइटचा) नकाशा उघडून बघा. ५ जानेवारी २०२३ पासून मोपाचा विमानतळ सुरू आहे, विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात हिरव्या झोनची (परवानगी न घेता उडवता येतं त्या भागाची) उंची २०० फूटच आहे, आणि आपली मॉडेलं त्या वर सहज जातात. दाबोळी विमानतळाच्या बाजूला पण तसंच.

पाय मिटलेलं मस्टँग पहिल्यांदा कमी उंचीवरून समोरून नेलं तेव्हा आमच्याकडे पाच-सहा जण उभे होते आणि कोणी बोललं नाही. वास्कोचे काका डोळ्यांवर हात धरून बघत होते, विमान वळून परत येईपर्यंत हात खाली केला नाही त्यांनी. मग म्हणाले, आता परत एकदा आण, जरा हळू.

घ्यायचा असेल तर घ्या, पण दुकान असं बघा जे फोन उचलतं, आणि सोबत जादा पिना त्याच ऑर्डरमध्ये मागवा. मी दुसरीकडून दोन मागवल्यात, आल्या की कानस फिरवून बघणार, कानस नुसता वरून सरकला तर पिन कडक आणि लगेच चावा घेतला तर मऊ, आणि जे निघेल ते इथेच खाली लिहीन.